कपाटाच्या दारावरची ओळ

आयर्लंडमधलं आमचं पाचवं घर एका मेलेल्या लेखकाचं होतं, आणि गावाच्या मते तो अजून तिथून हललेला नव्हता. आधीची चार घरं दोन वर्षांत झाली होती. बाबा भूल देणारे डॉक्टर. तिकडच्या सरकारी इस्पितळांत हाताखालच्या डॉक्टरांना दर सहा महिन्यांनी एका गावातून उचलून दुसऱ्या गावात ठेवायची पद्धत होती, आणि डॉक्टर उचलला की त्याच्यामागून बायको, मुलगी, कुकर आणि विळी आपोआप उचलली जात. विळी आईने सांगलीहून आणली होती, बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून. सुरीने चिरलेल्या कांद्याला चव नसते असं तिचं ठाम मत होतं. पहिल्याच घरात ती विळी गुळगुळीत लाकडी जमिनीवर सरकली आणि आईच्या उजव्या अंगठ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरका काप बसला. बाबांनी चार टाके घातले. आईने उरलेला कांदा डाव्या हाताने, विळीवरच चिरला. जखम भरली, पण अंगठ्यावरची तिरकी रेघ कायमची राहिली. रेघेचं सांगून ठेवते, पुढे ती लागणार आहे.

पाचव्या खेपेला बाबांना ड्रोहेडाच्या इस्पितळात पहिल्यांदाच लांब मुदतीची नेमणूक मिळाली आणि आम्ही तिथून मोटारीने वीसेक मिनिटांवरच्या एका खेड्यात राहायला गेलो. खेड्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याचं कारण शेवटी कळेल. एक रस्ता, एक दगडी पूल, एक चर्च, दोन पब आणि खिडक्याखिडक्यांतून लोंबणाऱ्या फुलांच्या टोपल्या. कॅलेंडरवर छापतात तसलं गाव, फक्त कॅलेंडरवर पाऊस छापत नाहीत. त्या गावातल्या एका माणसाने फार पूर्वी एक कादंबरी लिहिली होती. तिच्यात त्याने गावातल्या झाडून सगळ्या घरांचा अपमान केलेला आहे. कुणाचा पणजोबा दारुडा, कुणाची आजी कजाग, पाद्री तर अगदीच वाईट. तो जिवंत असताना गाव त्याच्याशी बोलत नव्हतं म्हणे. मेल्यावर मात्र लांबलांबून माणसं बघायला येऊ लागली आणि गावाने त्याला माफ केलं. आता कुणाचा पणजोबा कोणत्या पानावर गटारात पडला आहे हे त्याचे वंशज स्वतः पुस्तक उघडून दाखवत. लेखकाचं नाव मात्र कुणी घेत नसे. ‘युअर मॅन’ म्हणत. तिकडे समोर नसलेल्या कुठल्याही बुवाला असंच म्हणतात, पण त्या गावात युअर मॅन एकच होता. ती कादंबरी मी तीन वेळा सुरू केली आहे. चाळिसाव्या पानापर्यंत माझा हात कुणी धरणार नाही, त्यापुढे मी कधी गेलेले नाही.

घराची मालकीण नोरा. साठीच्या पुढची, उंच, पायात बारमाही रबरी बूट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या डोंगराकडे बघायची सवय. युअर मॅनच्या नावाने दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात उत्सव भरायचा, त्याची अध्यक्षही तीच. घर देताना तिची एकच अट होती. उत्सवाच्या दुपारी आमचं स्वयंपाकघर पाहुण्यांना उघडं ठेवायचं, कारण तिथल्या भिंतीतल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, युअर मॅनने आपल्या कादंबरीची पहिली ओळ पेन्सिलीने लिहिलेली होती, आणि ती वर्षातून त्या एका दुपारीच दाखवली जायची. कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात. प्रेस वापरा, म्हणाली, तोही त्यात चहापत्तीच ठेवायचा, पण दाराची काळजी घ्या. हे सगळं ती बाबांना सांगत होती तेव्हा आई वरच्या मजल्यावर ओल कुठकुठे आली आहे ते बघत होती. बाबांनी ते तिच्यापर्यंत पोचवलं ते असं: “कपाटाला खिळा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही. लेखकाचं कपाट आहे.” बाबा रोग्यांशीही एवढंच बोलत. मग रोगी झोपत.

जाताना नोराने आईला भेट म्हणून एक टी-टॉवेल दिला. टी-टॉवेल म्हणजे भांडी पुसायचं फडकं, पण तिकडे त्यावर काहीबाही छापलेलं असतं. यावर युअर मॅनच्या अक्षरातली तीच ओळ मोठी करून छापली होती, भोवती वेलबुट्टी. आईने ते फडकं दोनदा धुऊन वापरायला काढलं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि घरात इंग्रजीतच बोलायचं असं मी ठरवलं होतं. आई मराठीत विचारणार, मी इंग्रजीत उत्तर देणार, तेही तिकडच्या हेलात, जिथे नुसतं ठीक असलं तरी ‘ग्रँड’ म्हणतात. “जेवलीस का?” “आयम ग्रँड.” “डबा धुतलास का?” “आय विल, शुअर.” आई म्हणायची, “या मुलीला भूक लागली तरी ग्रँड आणि ताप आला तरी ग्रँड.” आज मी हे पानामागून पान मराठीत लिहिते आहे हे बघायला ती हवी होती. म्हणाली असती, आता सुचलं.

त्या घरात एक आवाज सतत असायचा, छपरावरच्या पावसाचा, आणि त्याच्या जोडीला दुसरा, खिडकीबाहेर रेतीवर थबकलेल्या बुटांचा. युअर मॅनचं घर बघायला वर्षभर कुणी ना कुणी यायचं आणि काचेला नाक लावायचं. आत त्यांना दिसायची माझी आई, विळीवर बसून मेथी निवडताना. ती दोघं एकमेकांकडे बघत राहायची. पहिला महिनाभर आई पदर सारखा करून आत जायची. मग एक दिवस भर पावसात एक म्हातारं जोडपं काचेबाहेर भिजत उभं होतं, तेव्हा तिला राहवेना. “अगं, दारात आलेल्या माणसाला असं उभं ठेवायचं?” तिने त्यांना आत घेतलं, आल्याचा चहा पाजला आणि थालीपीठ वाढलं. त्यांनी विचारलं, हे युअर मॅनच्या आवडीचं होतं का? आई म्हणाली, “ऑफ कोर्स.” आईचं इंग्रजी चांगलं होतं. सांगलीला ती बँकेत अधिकारी होती, ती नोकरी सोडून आली होती, त्यामुळे तिचं इंग्रजी बँकेच्या पत्रासारखं होतं. थालीपिठाची बातमी गावभर झाली आणि मग वाटेवरून जाणारा पोस्टमनही अधूनमधून साहित्यात रस दाखवू लागला.

मला ते गाव आवडायला लागलं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. चार शाळांत मी पहिल्या दिवसापासून सामान बांधलेल्या मनाने बसायचे. मैत्रीण करायची नाही, कारण सहा महिन्यांनी तिला टाटा करावा लागतो आणि ते फार वाईट असतं. इथे मात्र माझ्याही नकळत मला दोन मैत्रिणी झाल्या, शाळेच्या बसमध्ये एक ठरलेली जागा झाली, पुलावरून जाताना हात करणारी माणसं झाली. पुन्हा कुठे जायचं नाही, एवढंच मला हवं होतं. बाबांची नेमणूक पक्की होती. प्रश्न फक्त घराचा होता, कारण त्या भागात भाड्याचं घर मिळणं जवळजवळ अशक्य होतं आणि हे घर म्हणजे नोराची मर्जी.

उत्सवाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी मैत्रिणींबरोबर रस्त्यावर पताका लावून घरी आले तर स्वयंपाकघरात व्हिनेगरचा वास. जमीन चकचकीत. टेबलावर मसाल्याचे सगळे डबे ओळीने मांडलेले, आणि कपाटाचं दार वाळायला सताड उघडं. दार आतून स्वच्छ होतं. कोरंकरकरीत. आई कमरेला पदर खोचून, हातात नोराने दिलेला टी-टॉवेल घेऊन, आपल्या कामाकडे समाधानाने बघत होती.

“इथे लिहिलेलं कुठे गेलं?” मी विचारलं. तीन महिन्यांतलं माझं घरातलं पहिलं मराठी वाक्य.

“ते होय? पुसलं. उद्या पाहुणे येणार, आत कपाटात हे असलं गिचमिड दिसायला नको.”

मी खाली बसले. आईला वाटलं मला ऊन लागलं. आयर्लंडमध्ये.

आता माझ्या आईची बाजू सांगते, कारण तिची बाजू आहे. सांगलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीने लिहिलेलं असायचं: सिलिंडर कधी लावला, नळवाल्याचा फोन, पापडखारचं प्रमाण. तिच्या आईच्या घरात तेच, सगळ्या शेजारणींकडे तेच. कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीने काय लिहितात हे तिला जन्मापासून माहीत होतं. लेखकाचं कपाट जपायचं, हे तिला बाबांनी सांगितलं होतं, आणि ती ते जपत होती, त्यात साधा खिळा ठोकला नव्हता. दारावरचं ते पुसट काहीतरी म्हणजे आधीच्या कुणा भाडेकरणीचा सिलिंडर, असं ती आठ महिने धरून चालली होती. टी-टॉवेलवरची नक्षी आणि दारावरचं गिचमिड एकच आहे हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आणि माहीत असून तिला न सांगणारी मी घरातच होते. मूळ प्रत तिने छापील प्रतीनेच पुसली.

मी सांगितल्यावर तिने हातातला टी-टॉवेल उलगडून बघितला. मग म्हणाली, “आत्ता गं बाई. आणि मी ते घासून घासून काढलं.”

बाबा संध्याकाळी आले. त्यांनी दार बघितलं, चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं. “गेलं आहे,” ते म्हणाले. हे त्यांचं निदान. मग म्हणाले, “आपण काही बोलूया नको. पेन्सिलच ती, कधीतरी उडणारच होती.”

“मी पुसलं, मीच सांगणार,” आई म्हणाली. “उद्या सकाळी पहिलं काम ते.”

“आणि तिने घर सोडा म्हटलं तर?” मी ओरडले. “मी जाणार नाही! कळतंय का तुम्हाला? मी इथून कुठेही जाणार नाही!” मला रडू फुटलं. आईबाबा एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटत होतं, मला सगळीकडे ग्रँड असतं.

थोड्या वेळाने ती दोघं बटाटे आणायला ड्रोहेडाला गेली. उद्याच्या पाहुण्यांना बटाटेवडे द्यायचे आईने ठरवलं होतं आणि आकाश कोसळलं तरी वडे रद्द होणार नव्हते. ऑगस्टची संध्याकाळ, बाहेर लख्ख उजेड. मी टी-टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पसरला, चित्रकलेच्या डब्यातली मऊ पेन्सिल घेतली आणि एका मोठ्या लेखकाच्या अक्षरात त्याची सर्वांत प्रसिद्ध ओळ लिहून काढली. अकरा शब्द. त्यात एक गाय आहे आणि एक पाऊस आहे. दोनदा वहीवर सराव केला, तिसऱ्यांदा दारावर. मग बोटाने जरा पुसट केली, त्यावर टॉवेल झटकला आणि दार लावून ठेवलं. हात अजिबात थरथरला नाही. याचं आज मला जास्त वाईट वाटतं.

रविवारी सकाळी आई वड्यांची भाजी हाताने कालवत होती. हळद कमी वाटली म्हणून तिने डब्यासाठी कपाट उघडलं आणि समोर ओळ. तिने भाजीच्या हातानेच दार गच्च धरलं आणि वाकून बघितलं.

“हे कुठून आलं?” मग माझ्याकडे वळून, “सई. तू?”

मी म्हटलं, “आता सांगायची गरज नाही ना.”

“दारात आलेल्या माणसांना खोटं दाखवायचं? माझ्या स्वयंपाकघरात?” तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट. तिने दार सोडलं, आणि तेव्हा आम्हा दोघींना दिसलं की ओळीच्या शेजारी, उघड्या लाकडावर, तिचा अंगठा उमटला आहे. पिवळाधमक. मधून तिरकी पांढरी रेघ.

आई तशीच, हात धुऊन, नोराकडे गेली आणि तिला घेऊन आली. बाबा दारात उभे राहिले, इस्पितळातून फोन आला तर बरं अशा चेहऱ्याने. आई कपाटापुढे ताठ उभी राहिली आणि आयुष्यभर बँकेची पत्रं लिहिलेल्या इंग्रजीत म्हणाली, “आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू दॅट आय हॅव वॉश्ड युअर रायटर.”

नोराने चष्मा लावला. बघत राहिली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने डोंगराऐवजी समोर बघितलं. मी मनात सामान बांधायला घेतलं. आधी पुस्तकं, मग बूट.

“आणि हे कुणी लिहिलं?” तिने विचारलं. आईने मला पुढे ढकललं.

“शेवटचा शब्द चुकला आहे,” नोरा म्हणाली. “त्याचा खाली उतरत गेला होता. प्यायलेला होता तो. तुझा सरळ आहे.” तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, “दोन वाजता कॉर्कहून पाहुण्यांची बस येते आहे.” तिने सिंकवरचा साबण घेतला, फडकं ओलं केलं आणि दारावर उमटलेला आईचा अंगठा घासायला लागली. हळदीला साबण लावल्यावर काय होतं हे आम्ही तिला सांगेपर्यंत ते होऊन गेलं होतं. पिवळा अंगठा लालसर तपकिरी झाला आणि आणखी उठून दिसू लागला. नोरा थांबली. मान तिरकी करून तिने त्याच्याकडे बघितलं. “ग्रँड,” ती म्हणाली, आणि फडकं पिळून ठेवलं.

दुपारी पाहुणे आले. छत्र्या मिटवत, एकामागून एक, स्वयंपाकघरात शिरत होते, दारापुढे आवाज खाली आणत होते, कॅमेऱ्याने फोटो काढत होते. कॉर्कहून आलेल्या एका गृहस्थाने वाकून विचारलं, हा डाग कसला? आई वड्यांचं ताट घेऊन बाजूलाच उभी होती.

“पाइपची तंबाखू,” नोरा म्हणाली, पापणीही न हलवता. “तंबाखू ठासून ठासून अंगठा तसा झाला होता त्याचा. आणि लिहिताना दार धरायचा तो.”

गृहस्थ हेलावले. नोराने आईकडे बघितलं. आईने नोराकडे बघितलं. “वडा?” आई त्या गृहस्थाला म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी भांडी पुसताना मी तिला टोमणा मारला, आता खोटं चाललं का म्हणून. ती म्हणाली, “जिचं दार तिला मी सांगितलं. पुढचं तिचं ती बघेल.” मग ओल्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली, आणि तो हात तिथेच ठेवला, बराच वेळ. “इथून जायचं नव्हतं तर मला सांगायचं नाहीस का गं आधी? मला काय, कुठलंही गाव चालतं. तुला चालत नाही हे मला कसं कळणार?” मी पुढचं ताट पुसायला घेतलं.

नोरा जाताना दाराशी थांबून बाबांना म्हणाली होती, “जानेवारीत वरच्या भिंतीचं काम करून घेऊ, माणूस पाठवते.” म्हणजे जानेवारीत आम्ही तिथेच असणार होतो. मग आम्हा तिघांवरून बोट फिरवून म्हणाली, “आणि हे मी जमिनीत जाईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही.” आम्ही तिथे नऊ वर्षं राहिलो. आमच्यासारख्यांच्या हिशेबाने तो अठरा गावांचा मुक्काम झाला.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या मागे दोन सुटकेस, साड्या आणि विळी राहिली. नोरा गेल्या हिवाळ्यात गेली, शंभरीला दोन कमी असताना, आणि तिला पोचवायला मी गेले. माझीही आता पन्नाशी उलटली आहे, ओल्या गवतातून चालताना गुडघे बोलतात. नोराला मातीत ठेवलं, चर्चच्या हॉलमध्ये सँडविच खाल्लं, आणि मग लक्षात आलं की वचन संपलं. जुन्या पोस्टाच्या इमारतीत आता युअर मॅनचं छोटं संग्रहालय आहे. आमच्या कपाटाचं दार तिथे काचेमागे लावलं आहे, मंद दिव्यात. उन्हात हळद उडते, पण त्या दाराला कधी ऊन दाखवलेलंच नाही.

माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती. उत्साही, काल लागल्यासारखी. तिने मला आधी कादंबरी सांगितली, मग ओळ दाखवली. माझं अक्षर. शेवटचा शब्द सरळ. मग आवाज खाली आणून ती म्हणाली की खरं सांगायचं तर कुणी जाणकार येऊन गेले आणि अक्षराबद्दल शंका काढून गेले, नंतर कुणीतरी गिरवलं असावं म्हणे. “पण हा अंगठा बघा. पाइपची तंबाखू. ही तिरकी रेघ आहे ना, तिथे पाइप टेकायचा.”

मी काचेपर्यंत वाकले. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत होती. चार टाके. मी त्या अंगठ्याने भरवलेला भात खाल्ला आहे.

“हे पुसत नाही ना कधी कुणी?” मी विचारलं.

“छे, हात लावायचीसुद्धा परवानगी नाही,” ती म्हणाली. “या गावात त्याचं खरोखरचं अस्सल असं तेवढंच उरलंय.”

माझी जीभ मोकळी होती, नोरा जमिनीत होती, सांगायला काही हरकत नव्हती. सांगितलं असतं तर त्यांनी तो अंगठा त्या दारावरून घासून काढला असता. म्हणून मी हे मराठीत लिहिते आहे. त्या गावात मराठी वाचणारं कुणी नाही.

“हो,” मी तिला म्हटलं, “अस्सल आहे.” आणि ती पुढचं दालन दाखवायला निघाली तरी मी तिथेच उभी राहिले.